टी पेशी पोचते कशी, आणि कुठे थांबायचं हे तिला कळतं कसं

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "टी पेशीचा रिसेप्टर आणि प्रतिजन यांचं नातं कुलूप-किल्लीचं असतं असं आम्हाला शिकवलं. पण एखाद्या विषाणूला ओळखणारी टी पेशी लाखांत एखादीच असते. मग ती नेमक्या जागी पोचते कशी? तिला कुणी बोलावतं का? आणि भेट झाल्यावर दोन पेशी चिकटतात म्हणजे नक्की काय होतं?"

लांबून कुणी बोलावत नाही, निदान पहिल्या भेटीसाठी तरी नाही. टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणारी एक पांढरी पेशी, सतत चालत असते, आणि त्या चालण्याला बहुतेक वेळा ठरलेली दिशा नसते. फक्त ती जिथे चालते ती जागा अशी बांधलेली आहे की दिशाहीन चालूनही गाठ पडावी. रिसेप्टर (पेशीच्या अंगावरचा ओळखणारा रेणू) आणि प्रतिजन (जंतूचा ओळखला जाणारा तुकडा) यांचं कुलूप-किल्लीचं चित्र मी वर्गात वापरणं सोडून दिलंय. त्यातून मुलांचा समज होतो की जुळलं की घट्ट बसतं, आणि जुळलं की काम झालं. खरं तर हा बंध फार कच्चा असतो. पेशीला ठरवायचं असतं ते हे की इथे थांबायचं का, किती वेळ, आणि निघायचं कधी. या तीन गोष्टी बिघडल्या की काय आजार होतात ते पाहिलं तर विषय पाठ करावा लागत नाही, म्हणून उत्तर जरा लांबवते.

आधी अडचण केवढी आहे ते बघा. उंदराच्या शरीरात एका ठरावीक पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला, ओळखणाऱ्या, अजून एकदाही कामाला न लागलेल्या सीडी4 (मदतनीस) टी पेशी साधारण 20 ते 200 असतात, साऱ्या शरीरात मिळून. माणसात हे प्रमाण ढोबळमानाने एक लाख ते दहा लाख पेशींमागे एक. संसर्ग मात्र टाचेच्या भेगेतून होईल, नाकातून होईल, आतड्यातून होईल. इतक्या थोड्या पेशी साऱ्या कातडीवर आणि अस्तरांवर पहारा देऊ शकत नाहीत.

म्हणून दोघांनी एका तिसऱ्या जागी यायचं अशी व्यवस्था आहे. ती जागा म्हणजे लसिकाग्रंथी (लिम्फ नोड). पायाला जखम झाली की तिथल्या डेंड्रायटिक पेशी (जंतूंचे नमुने टी पेशींना दाखवणाऱ्या पेशी) जंतूंचे तुकडे गिळून लसिकावाहिनीतून जांघेतल्या ग्रंथीत येतात. टी पेशी तिथे रक्तातून येतात, बारा ते चोवीस तास फिरतात, काही सापडलं नाही तर बाहेर पडून लसिकेतून पुन्हा रक्तात जातात आणि मग पुढच्या ग्रंथीत. ही परिक्रमा जेम्स गोवन्स यांनी 1959 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये रॅट जातीच्या मोठ्या उंदरांवर दाखवली. छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीला नळी लावून लसिका बाहेर काढत राहिलं की काही दिवसांत तिच्यातल्या लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) आटतात, आणि त्याच पेशी शिरेतून परत सोडल्या की आकडा पुन्हा चढतो. म्हणजे त्या रोज नव्याने तयार होत नव्हत्या, त्याच त्या फिरत होत्या. जाता जाता एक सांगते. एका वेळी शरीरातल्या सुमारे दोन टक्केच लिम्फोसाइट रक्तात असतात. रक्ततपासणीतला लिम्फोसाइटचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवावं. तो कमी दिसला म्हणजे पेशी मेल्याच असं नाही, कुठेतरी उतरल्या असतील.

जखमेनंतर जांघेत किंवा काखेत अवधाण येतं तेही याच हिशेबातून. संसर्गाच्या वेळी ग्रंथीचा रक्तपुरवठा वाढतो, आत येणाऱ्या पेशी वाढतात, आणि बाहेर पडणं काही काळ थांबतं. बाहेर पडण्याची वाट ठरते स्फिंगोसिन-1-फॉस्फेट या रेणूवरून. रक्तात आणि लसिकेत तो भरपूर असतो, ग्रंथीच्या गाभ्यात फार कमी. टी पेशीवर त्याचा रिसेप्टर असला तर ती बाहेरच्या बाजूला ओढली जाते. संसर्गात इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन वाढलं की पेशीवर सीडी69 नावाचं प्रथिन येतं आणि ते या रिसेप्टरला पृष्ठभागावरून आत ओढतं. वाट तिथेच असते, पेशीला ती जाणवेनाशी होते. फिंगोलिमॉड हे मल्टिपल स्क्लेरोसिसचं (प्रतिकारपेशी मेंदूवरच हल्ला करतात त्या आजाराचं) औषध, ज्याला अमेरिकेत 2010 मध्ये मंजुरी मिळाली, नेमकं हेच घडवतं. पेशी ग्रंथीत अडकतात आणि मेंदूपर्यंत पोचत नाहीत. हे औषध घेणाऱ्यांच्या रक्तात लिम्फोसाइट कमी दिसतात, त्याचं कारणही वरचंच.

आता ग्रंथीत शिरण्याबद्दल. रक्ताच्या वेगात वाहणाऱ्या पेशीला एका ठरावीक शिरिकेत उतरायचं असतं. या शिरिकांचं अस्तर नेहमीसारखं चपटं नसतं, उंच, फुगीर पेशींचं असतं. टी पेशी आधी एल-सिलेक्टिन या चिकट रेणूच्या आधाराने भिंतीवर घरंगळते. हे बंध क्षणात जुळतात, क्षणात सुटतात, त्यामुळे वेग कमी होतो पण ती थांबत नाही. मग भिंतीवर लागलेलं सीसीएल21 हे केमोकाइन (पेशींच्या हालचालीला इशारा देणारं छोटं प्रथिन) तिच्या सीसीआर7 रिसेप्टरला लागतं आणि एका सेकंदाच्या आत तिच्या अंगावरचं एलएफए-1 हे इंटिग्रिन, म्हणजे पकड घेणारं प्रथिन, आकार बदलतं. मिटलेल्या अवस्थेतून ताठ उभं राहतं आणि भिंतीवरच्या आयकॅम-1 या प्रथिनाला पकडतं. आता पेशी थांबते, पसरते आणि अस्तरातून आत सरकते. केमोकाइनचं काम इथे वास देऊन दुरून बोलावणं असं नाही. ते म्हणतं, "इथे उतर."

या इंटिग्रिनचा एक घटक, सीडी18, जन्मतःच नसला तर एलएडी-1 हा आजार होतो. बाळाची नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी पडत नाही, बेंबीला संसर्ग होतो, पांढऱ्या पेशींचा आकडा भरमसाट वाढलेला असतो, आणि तरी जखमेत पू नसतो. रक्तात पेशी गर्दी करून आहेत, पण भिंतीवर थांबून आत उतरता येत नाही. या आजारात सर्वांत जास्त फटका न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना बसतो, टी पेशींना त्यामानाने कमी, त्यामुळे टी पेशींचं उदाहरण म्हणून हे शंभर टक्के शुद्ध नाही. पण "थांबता न येणं" म्हणजे काय हे समजायला याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही. या आजाराचं निदान फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशीवरची प्रथिनं मोजणाऱ्या तपासणीत) सीडी18 बघून होतं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था अशा जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासण्या करते. नाळ उशिरा पडणं आणि पू नसणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांनी ही तपासणी लांबवू नये.

ग्रंथीच्या आत पेशी काय करतात हे कुणी जिवंत पाहिलं नव्हतं ते 2002 पर्यंत. त्याआधीची सगळी चित्रं कापून रंगवलेल्या ऊतींची, म्हणजे गोठलेली. पुस्तकात टी पेशी गोल, शांत बसलेल्या दिसतात त्याचं कारण तेच. दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक 1990 मध्ये कॉर्नेलमध्ये तयार झाला होता. काही शे मायक्रोमीटर खोलीपर्यंत पेशींना फारशी इजा न करता त्यातून पाहता येतं. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये मायकल कॅहलन आणि इयन पार्कर यांच्या गटाने तो उंदराच्या अख्ख्या लसिकाग्रंथीवर लावला. टी पेशी मिनिटाला सरासरी 11 मायक्रोमीटर चालत होत्या, मध्येच 25 पर्यंत उसळी घेत होत्या. स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त अंतर दर मिनिटाला! शरीरात इतक्या वेगाने स्वतःहून चालणाऱ्या पेशी फार नाहीत. आणि मार्ग असा, की थोडं सरळ, मग वळण, मग पुन्हा सरळ. दहा मिनिटांनंतर पेशी कुठे असेल ते सांगता येत नाही.

नंतर कळलं की वळणं अगदीच मनमानी नसतात. ग्रंथीच्या आत तंतुपेशींचं जाळं असतं, टी पेशी त्याच्यावरून चालतात, फाटा आला की एक बाजू घेतात. डेंड्रायटिक पेशीही त्याच जाळ्यावर ठाण मांडून, आपले फाटे पसरून आणि हलवून बसलेल्या असतात. मंडईत भाव विचारत फिरणारं गिऱ्हाईक प्रत्येक गाळ्यावर क्षणभर थांबून पुढे जातं, तसंच हे. प्रतिजन जुळत नसेल तर एका भेटीला तीन-चार मिनिटं. एका डेंड्रायटिक पेशीला तासाभरात निदान 500 टी पेशी शिवून जातात, काही मोजणींनुसार 5000 पर्यंत. हा आकडा आणि वरचा "लाखांत एक" हा आकडा शेजारी ठेवून गणित करून बघा. कुणी बोलावल्याशिवाय गाठ पडते कशी याचं बरंचसं उत्तर तिथेच मिळेल.

चालण्याची यंत्रणा अमिबासारखी आहे. पुढच्या टोकाला अॅक्टिन या प्रथिनाचे धागे वाढत जातात, मागे मायोसिन हे दुसरं प्रथिन आवळतं, आणि शेपटासारखा मागचा भाग ओढला जातो. इथे परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट आहे. शिरिकेच्या भिंतीवर थांबायला इंटिग्रिन लागतं, पण ग्रंथीच्या आत चालायला ते जवळपास लागत नाही. चारी बाजूंनी गर्दी असल्यावर दाब देऊन, घसटत पुढे जाता येतं. पकड नसल्यामुळेच वेग मिळतो. मात्र अरुंद जागेतून दबत जाताना पेशीला आपला आकार सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळणाऱ्या प्रथिनांपैकी डॉक8 नसेल तर विचित्र प्रकार होतो. पेशी लांबते, केंद्रक एकीकडे आणि पुढचे फाटे दोन दिशांना, आणि ती चक्क फाटते. हे 2014 मध्ये दाखवलं गेलं. डॉक8 नसलेल्या रुग्णांना एक्झिमा असतो, आणि मस्से, नागीण, मोलस्कम असे त्वचेचे विषाणुजन्य आजार चिघळत राहतात. दाट कातडीतून चालतानाच टी पेशी तुटत असतील तर त्वचेचं रक्षण कोण करणार?

जुळणारा प्रतिजन सापडला तर काय होतं ते 2004 मध्ये हार्वर्डमधल्या उलरिक फॉन आन्द्रियान यांच्या गटाने वेळ लावून पाहिलं. पहिले आठेक तास टी पेशी थांबतच नाही. एका डेंड्रायटिक पेशीला शिवते, सुटते, दुसरीला शिवते, पण हळूहळू वेग मंदावत जातो आणि पृष्ठभागावर सक्रियतेच्या खुणा येऊ लागतात. पुढचे बारा तास ती एकीला धरून राहते. दुसऱ्या दिवशी सुटते, पुन्हा वेगाने चालू लागते आणि विभागायला लागते. या तीन टप्प्यांचं चित्र आता प्रत्येक पुस्तकात आहे. मला ते थोडं जास्तच कडक केलेलं वाटतं. प्रतिजन भरपूर आणि तीव्र असेल तर पहिला टप्पा जवळपास गायब होतो, कमजोर असेल तर दुसरा टप्पा येतच नाही. टप्पे पाठ करण्यापेक्षा पेशी छोट्या छोट्या भेटींतून मिळालेले संकेत जमवत जाते हे धरून ठेवा. आधीच्या भेटीचा काही अंश ती पुढच्या भेटीला घेऊन जाते.

आता त्या भेटीबद्दल, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. टी पेशीचा रिसेप्टर आणि एमएचसीवर (पेशीच्या पृष्ठभागावर पेप्टाइड मांडणाऱ्या प्रथिनावर) ठेवलेलं पेप्टाइड यांचा बंध मायक्रोमोलरच्या घरातला असतो, बहुतेक 1 ते 100; आकडा जितका मोठा तितका बंध कच्चा. चांगलं प्रतिपिंड (अँटिबॉडी) यापेक्षा हजारपट आणि त्याहूनही घट्ट धरतं. टी पेशीचा बंध काही सेकंदांत सुटतो. एवढ्या कच्च्या बंधावर ती स्वतःचं पेप्टाइड आणि परकं पेप्टाइड वेगळं ओळखते, आणि तेही एखाद-दोन पेप्टाइडांवरून. मार्क डेव्हिस यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत 2002 मध्ये एकेक पेप्टाइड मोजून पाहिलं गेलं. एका पेप्टाइडनेही टी पेशी क्षणभर थबकते, आणि दहाएक जमले की कॅल्शियमचा संकेत पूर्ण चढतो.

हे जमतं कसं याची काही कारणं आता बरीच पक्की आहेत. टी पेशीचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, त्यावर बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. ती समोरच्या पेशीला या बोटांनी चाचपते, आणि मिनिटाभरात संपर्कातला जवळपास सगळा भाग चाचपून होतो. रिसेप्टर आणि एमएचसी जुळले की दोन पेशींमधलं अंतर तिथे 15 नॅनोमीटरच्या आसपास येतं. सीडी45 हा फॉस्फेट काढून टाकणारा, म्हणजे संकेत विझवणारा रेणू याहून उंच आहे. त्या अरुंद जागेत तो मावत नाही, बाजूला ढकलला जातो. विझवणारा बाहेर गेल्यामुळे एलसीके हे एन्झाइम रिसेप्टरवर फॉस्फेट लावू शकतं, झॅप-70 हे दुसरं एन्झाइम येऊन बसतं, आणि साखळी सुरू होते. शिवाय पेशी चालत असल्यामुळे बंधावर ताण येतो. योग्य पेप्टाइडचा बंध थोड्या ताणाखाली सुटण्याऐवजी जास्त वेळ टिकतो, चुकीच्या पेप्टाइडचा लगेच तुटतो. म्हणजे टी पेशी खेचून बघते. म्हणूनच नुसत्या द्रावणात मोजलेल्या बंधाच्या आकड्यावरून तिचं वागणं नीट सांगता येत नाही.

मग पेशीत कॅल्शियम वाढतं, आणि तोच थांबण्याचा हुकूम. अॅक्टिनची पुढे धावणारी रचना मोडते, पेशी गोलसर होते, शेपटी विरघळते. बाहेरून कॅल्शियम आत आणणारी वाहिनी ओराई1 या प्रथिनाची असते. ते सदोष असलेल्या बाळांमध्ये टी पेशींची संख्या ठीक असते, तरी प्रतिकारशक्ती गंभीरपणे ढासळलेली असते. हे 2006 मध्ये समजलं.

थांबल्यावर संपर्काच्या जागी रेणूंची मांडणी होते. 1998 मध्ये डेन्व्हरमध्ये अब्राहम कुप्फर यांच्या गटाने ती दाखवली. मध्यभागी टी पेशीचे रिसेप्टर, भोवती एलएफए-1 चं कडं. पुढच्या वर्षी सेंट लुइसमधल्या मायकल डस्टिन आणि सहकाऱ्यांनी समोरच्या पेशीऐवजी काचेवर मेदाचा पापुद्रा पसरून त्यात नुसते एमएचसी आणि आयकॅम ठेवले, तरी तीच वर्तुळं उमटली. याला इम्युनॉलॉजिकल सिनॅप्स म्हणतात. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की मधलं वर्तुळ हे संकेताचं केंद्र. ते बरोबर नव्हतं. संकेत कडेला तयार होणाऱ्या बारीक पुंजक्यांतून निघतात, आणि हे पुंजके अॅक्टिनच्या प्रवाहाबरोबर मध्याकडे वाहत येतात. मध्यात बरेचसे रिसेप्टर आत ओढले जाऊन नष्ट होतात, काही बारीक कुप्यांमध्ये भरून समोरच्या पेशीला दिले जातात. आणि खऱ्या डेंड्रायटिक पेशीबरोबर ती सुबक वर्तुळं बहुधा दिसतच नाहीत, विखुरलेले अनेक ठिपके दिसतात. तरी आकृती काढा म्हटलं की सगळी मुलं वर्तुळंच काढतात. काच सपाट असते, डेंड्रायटिक पेशी नसते, एवढं उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहिलं तरी मी पूर्ण गुण देते.

संवादाबद्दल लोक सायटोकाइन (पेशींचे निरोप नेणारी प्रथिनं) म्हणून एकच शब्द वापरतात आणि पुढे जातात. पण टी पेशी सगळं एकाच पद्धतीने बोलत नाही. मदतनीस टी पेशी इंटरल्यूकिन-2 आणि इंटरफेरॉन गामा सिनॅप्सच्या फटीत सोडते, समोरच्याच पेशीसाठी. टीएनएफ आणि सीसीएल3 मात्र चहूकडे. एक खासगी, एक जाहीर. आणि इथे तुमच्या "कुणी बोलावतं का" या प्रश्नाचं उत्तर थोडं बदलतं. सीडी4 पेशी आणि डेंड्रायटिक पेशी यांची जोडी जमली की तिथून सीसीएल3 आणि सीसीएल4 निघतात, आणि आसपासच्या सीडी8 (मारेकरी) टी पेशी त्या जोडीकडे वळतात. बेथेस्डाच्या रोनाल्ड जर्मेन यांच्या गटाने 2006 मध्ये हे दाखवलं. पहिली भेट योगायोगाची, दुसरीला मात्र बोलावणं जातं.

मारेकरी सीडी8 पेशींकडे वळू, कारण निघणं का महत्त्वाचं ते इथे कळतं. संसर्ग झालेल्या पेशीला भिडल्यावर काही मिनिटांत टी पेशीचं सेंट्रोसोम (पेशीतल्या वाहतुकीच्या धाग्यांचं केंद्र) संपर्काच्या पडद्यापर्यंत सरकतं. विषारी कणिका त्याच्या मागोमाग तिथे जमतात आणि फटीत रिकाम्या होतात. परफोरिन समोरच्या पडद्याला भोकं पाडतं, ग्रॅनझाइम आत शिरून पेशीला स्वतःला संपवायला लावतं. टी पेशी भोकं पाडताना समोरच्या पडद्याला ढकलते, ताण देते, ताणलेल्या पडद्यात परफोरिनची भोकं सोपी पडतात. तिच्या स्वतःच्या पडद्यातले मेद मात्र असे दाट रचलेले असतात की परफोरिन त्यांत शिरत नाही. मारून झालं की ती सुटते आणि पुढची गाठते. काचेच्या बशीतले व्हिडिओ बघून वाटतं की एकेक पेशी तासाला कित्येक बळी घेते. जिवंत उंदरात, विषाणूच्या संसर्गात मोजलं तेव्हा एका पेशीचे दिवसाला 2 ते 16 एवढेच बळी निघाले, आणि एकाच लक्ष्याला अनेक टी पेशी लागोपाठ भिडल्या तर ते मरण्याची शक्यता वाढते हेही दिसलं.

परफोरिन नसलं, किंवा कणिका पडद्यापर्यंत नेऊन सोडणारी यंत्रणा बिघडली, तर एचएलएच हा भयंकर आजार होतो. सतत ताप, मोठी प्लीहा, घसरत जाणारे प्लेटलेट, रक्तात प्रचंड वाढलेलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन). वरवर पाहता हे कोडं आहे. मारण्याची ताकद नाही, मग प्रतिकारसंस्था इतकी भडकते का? कारण टी पेशी समोरच्या पेशीला मारू शकत नाही, म्हणून तिच्यापासून सुटूही शकत नाही. सुटण्याचा इशारा मरणाऱ्या पेशीकडून येतो. तो न आल्यामुळे सिनॅप्स लांबत राहतो, आणि जितका वेळ तो टिकतो तितका वेळ ती इंटरफेरॉन गामा ओतत राहते. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी) पेटतात ते त्याने. इंटरफेरॉन गामाला अडवणारं इमापालुमॅब हे औषध 2018 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं, ते याच तर्कावर. त्यातल्या एका प्रकारात, ग्रिसेली सिंड्रोम दोनमध्ये, निदानाची खूण बाळाच्या डोक्यावरच असते. केस चंदेरी, राखाडी झाक असलेले. रॅब27ए हे एकच प्रथिन केसांच्या रंगाच्या कणिका जागेवर पोचवतं आणि टी पेशीच्या विषारी कणिकाही. असा एक केस साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर रंगाचे वेडेवाकडे गोळे दिसतात. या तपासणीला कुठल्याही महागड्या किटची गरज नाही. तापाने फणफणलेल्या, प्लीहा वाढलेल्या बाळाचे केस चंदेरी दिसले तर ती आधी करावी.

ऊतींमध्ये चालण्याची तऱ्हा बदलते. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीने ग्रासलेल्या उंदराच्या मेंदूत सीडी8 पेशी बरीच छोटी पावलं आणि अधूनमधून एकदम लांब झेप अशा रीतीने फिरतात. लक्ष्यं विरळ असताना शोधाला ही पद्धत फायद्याची पडते. क्षयाच्या गाठीत उलटं चित्र दिसतं. उंदरांवरच्या कामात असं आढळलं की गाठीत टी पेशी भरपूर आहेत, चालतही आहेत, पण थांबणाऱ्या फार थोड्या, कारण संसर्ग झालेल्या मॅक्रोफेज त्यांना पुरेसा प्रतिजन दाखवतच नाहीत. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. आपल्याकडे क्षयाच्या लशीवर काम करणाऱ्यांनी नुसत्या टी पेशी वाढवून समाधान मानू नये असं मला वाटतं, वाढलेल्या पेशी गाठीत थांबतात का हेही बघितलं पाहिजे. फुप्फुसाच्या कर्करोगात अडचण आणखी आधीची. गाठीभोवती कोलॅजनचं दाट वेष्टण असतं, टी पेशी त्याच्या धाग्यांना समांतर फिरत राहतात आणि कर्कपेशींपर्यंत पोचतच नाहीत.

चालणं औषधाने रोखायचं असेल तर जपून. सोरायसिससाठी एलएफए-1 ला अडवणारं इफॅलिझुमॅब 2003 मध्ये आलं आणि 2009 मध्ये बाजारातून काढावं लागलं. काही रुग्णांत मेंदूतला जेसी विषाणू उसळून पीएमएल हा जीवघेणा आजार झाला. नॅटालिझुमॅब दुसरं इंटिग्रिन अडवतं. तेही याच कारणाने 2005 मध्ये थांबवलं गेलं होतं, पुढच्या वर्षी कडक देखरेखीसह परत आलं. मेंदूत टी पेशींची शांत गस्त चालू असते हे आपल्याला या दुर्दैवी मार्गाने नीट कळलं.

सीएआर-टी, म्हणजे कृत्रिम रिसेप्टर बसवलेल्या टी पेशींनी कर्करोगावर उपचार, याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आता मुंबईत राहून हा विषय त्याशिवाय संपत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभं राहिलेलं नेक्सकार19 ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मंजूर झालं. त्यात टी पेशीला कर्कपेशींवरचं सीडी19 हे प्रथिन ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर दिलेला असतो. त्याचा बंध प्रतिपिंडासारखा घट्ट, म्हणजे नैसर्गिक रिसेप्टरपेक्षा कितीतरी पक्का. मग तो जास्त संवेदनशील असायला हवा ना? उलट आहे. नैसर्गिक रिसेप्टरला मोजके रेणू पुरतात, सीएआरला समोरच्या पेशीवर त्याहून कितीतरी जास्त लागतात. म्हणूनच सीडी19 कमी केलेल्या कर्कपेशी त्याच्या हातून निसटतात. सीएआरचा सिनॅप्सही विस्कळीत असतो, इंटिग्रिनचं नीट कडं बनत नाही. पण तो लवकर मारतो आणि लवकर सुटतो. हे चांगलं की वाईट यावर आमच्या क्षेत्रात एकमत नाही. माझं मत असं की रक्ताच्या कर्करोगात लवकर सुटणं फायद्याचं, कारण लक्ष्यं सगळीकडे असतात. घट्ट गाठींच्या कर्करोगात मात्र तिथवर पोचणं हाच प्रश्न आहे, आणि रिसेप्टर कितीही सुधारला तरी तो सुटणार नाही.

प्रकल्पासाठी तुम्ही अशा पेशींचे व्हिडिओ मोजणार असाल तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. ऊती 37 अंशांवर आणि ऑक्सिजनयुक्त द्रवाखाली नसेल तर टी पेशी थांबतात, आणि मग प्रतिजन नसतानाही सगळीकडे "संपर्क" दिसू लागतात. त्यामुळे प्रतिजन न दिलेला जोडीचा नमुना त्याच दिवशी, त्याच बैठकीत घ्या. दुसरी गोष्ट: वेगवान पेशी सूक्ष्मदर्शकाच्या चौकटीतून लवकर बाहेर जातात, मंद पेशी शेवटपर्यंत राहतात. फक्त पूर्ण वेळ दिसलेल्या पेशी मोजल्या तर सरासरी वेग आपोआप कमी येतो आणि संपर्काचा काळ फुगतो. चौकटीतून अर्धवट निघून गेलेल्या पेशी वगळू नका. त्यांची वेगळी नोंद ठेवा, आणि निकालात सरासरीऐवजी संपर्काच्या काळांचा पूर्ण आलेख द्या.